दोन ‘धुंध’ आणि एक सायकल

माझी भाची पुण्याहून चार दिवस सुट्टीला आली, की बेळगावच्या आमच्या माडीवर रात्रीचं थिएटर सुरू होतं. लॅपटॉप स्टुलावर, आम्ही दोघी पलंगावर, पायांवर एकच चादर. आमच्याकडे दिवेलागणीच्या आत जेवणं उरकलेली असतात, त्यामुळे सिनेमा बघताना तोंडात टाकायला काही नाही. घाबरलं की नुसती उशी दाबायची. या खेपेला तिने १९९७ चा एक इंग्रजी सिनेमा लावला, ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’. तो अर्धा होईतो मी म्हटलं, “अगं, हे मी हिंदीत बघितलंय की.” तिला पटेना. मग दुसऱ्या रात्री तो हिंदीही शोधून काढला. श्याम रामसे यांचा २००३ सालचा ‘धुंध’, पुढे ‘द फॉग’ अशी इंग्रजी शेपटी. (आपल्या मराठीत धुंद म्हणजे नशेतला, हिंदीत धुंध म्हणजे धुकं. भाची पहिला अर्थ धरून बसली होती.)

अर्ध्या तासात ती मोबाइलमध्ये गेली. मी हटकलं तर म्हणाली, “मावशी, यात घाबरायचं कुठे असतं ते तू सांग, मी तेवढ्यापुरती वर बघते.”

थट्टेत म्हणाली, पण प्रश्न बरोबर होता. आदल्या रात्री हीच मुलगी इंग्रजी सिनेमा बघताना माझा दंड धरून बसली होती. गोष्ट तीच, सौंदर्यस्पर्धा तीच, चार मित्र-मैत्रिणी त्याच, लपवलेलं प्रेत तेच. मग मधल्या मध्ये भीती गेली कुठे? हिंदीत पैसा कमी, कॅमेरा साधा, गाणी मध्ये येतात, ही कारणं सगळे सांगतात. मला ती पुरत नाहीत. कमी पैशातला सिनेमा बघून रात्री मोरीपर्यंत जायला घाबरलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत; मी त्यातलीच.

या जातीच्या सिनेमाला स्लॅशर म्हणतात. चेहरा झाकलेला कोणी एक, हातात धारदार काहीतरी घेऊन, तरुण मुलामुलींना एकेक करून गाठतो. जॉन कार्पेंटरच्या १९७८ च्या ‘हॅलोवीन’ने ही चाल रूढ केली, १९९६ च्या ‘स्क्रीम’ने तिला पुन्हा जीव दिला, आणि ‘स्क्रीम’ लिहिणाऱ्या केव्हिन विल्यमसननेच पुढच्या वर्षी पडद्यावर आलेली ही गोष्ट लिहिली. दिग्दर्शक जिम गिलेस्पी. या सिनेमांत बहुतेक वेळा मजा करणारी मुलगी आधी मरते आणि नाकासमोर चालणारी शेवटपर्यंत उरते. परदेशी खूळ म्हणून नाक मुरडायला नको. आमच्या आज्या हेच सांगायच्या, फक्त त्यांच्या हातात सुरा नसायचा.

इंग्रजी सिनेमाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं साउथपोर्ट नावाचं मासेमारीचं गाव, चार जुलैचा उत्सव. हेलन गावची सौंदर्यस्पर्धा जिंकते. ती, तिची मैत्रीण ज्युली आणि दोघींचे मित्र बॅरी आणि रे रात्री समुद्रकाठच्या वळणाच्या रस्त्याने परत येत असतात, आणि गाडीखाली एक माणूस येतो. शाळा नुकतीच संपलेली, पुढे कॉलेज, सगळं आयुष्य पुढे. पोलिसांकडे जायचं की नाही यावर चौघं भांडतात आणि त्याला पाण्यात ढकलायचं ठरतं. धक्क्यावरून टाकताना तो हलतो. जिवंत आहे. त्याची मूठ हेलनच्या डोक्यावरच्या मुकुटाला पडते आणि तो मुकुटासकट पाण्यात जातो. मग बॅरी पाण्यात उडी मारतो आणि काढून आणतो. माणसाला नव्हे, मुकुटाला. मुकुट सापडला तर चौघंही सापडतील म्हणून.

मला सिनेमा तिथेच पटला. पुढे वर्षाने ज्युलीला चिठ्ठी येते, गेल्या उन्हाळ्यात काय केलंत ते मला ठाऊक आहे. पण चिठ्ठी यायच्या आधीच ही मुलं मोडलेली आहेत. ज्युली कॉलेजातून आली आहे ती ओढलेल्या चेहऱ्याने, अभ्यासात मागे पडलेली. नटी व्हायला न्यूयॉर्कला निघालेली हेलन घरच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे आणि थोरली बहीण तिला टोचून बोलते. रे मासेमारीच्या होडीवर लागला आहे. चौघं एकमेकांना भेटत नाहीत. गळ घेऊन फिरणारा माणूस अजून पडद्यावर यायचाच असतो, आणि शिक्षा सुरू होऊन वर्ष झालेलं असतं.

हेलनच्या मरणाचा प्रसंग या सिनेमातला सगळ्यात चांगला. गेल्या वर्षीची राणी म्हणून तिला मिरवणुकीत बसवतात, त्याच मुकुटात. गर्दीत तिला तो कोळ्याच्या रेनकोटातला माणूस दिसतो आणि दुसऱ्या कोणाला दिसत नाही. स्टेजवरून ती समोरच्या बाल्कनीत बॅरीला मरताना बघते, किंचाळते, आणि लोकांना वाटतं पोरीला वेड लागलं. घरी सोडायला निघालेला पोलिस वाटेत मारला जातो. ती धावत घरच्याच दुकानापाशी येते, दार आतून बंद, आणि बहीण किल्ल्या घेऊन तिच्या नेहमीच्या संथपणाने येते. इथे माझ्या भाचीने माझा दंड पकडला. बहिणीबहिणींतला रोजचा कुरकुरा स्वभाव असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. हेलन वरच्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारते, बोळातून पळते, बोळाच्या तोंडाशी मिरवणूक दिसते, बँड वाजतोय, फटाके उडतायत. आणखी चार पावलं. ती चार पावलं तिला मिळत नाहीत, आणि गावाला ऐकू येत नाही. साऱ्या गावाने मुकुट घातलेली मुलगी गावापासून चार पावलांवर मरते.

आता हिंदीकडे येऊ. इथली नायिका सिमरन, आणि ती झाली आहे अदिती गोवित्रीकर. आपल्या पनवेलची, शिक्षणाने डॉक्टर, आणि २००१ साली मिसेस वर्ल्ड झालेली पहिली भारतीय. म्हणजे डोक्यावर खराखुरा मुकुट चढलेली बाई मुकुटाच्या गोष्टीत घेतली आहे. सोबत अमर उपाध्याय, जो तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच घरांत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’चा मिहिर म्हणून जावयासारखा लाडका होता. अपूर्व अग्निहोत्री आहे, दिव्या पलत आहे, वडीलधाऱ्यांत गुलशन ग्रोव्हर आणि प्रेम चोप्रा. आणि इरफान खान आहे! त्याच वर्षी पुढे ‘हासिल’ आला आणि मग सगळ्या देशाला कळलं हा कोण माणूस आहे ते. ‘धुंध’मध्ये तो अजित खुराना. अजितची बहीण स्पर्धेत उतरली आहे आणि तिने जिंकावं म्हणून तो सिमरनला धमकावतो. सिमरन जिंकते. एका रात्री ती घरात एकटी असताना तो तिच्या जिवावर उठतो आणि झटापटीत तिच्या हातून मरतो. मित्र-मैत्रिणी जमतात, प्रेताची विल्हेवाट लावतात, आणि मग कोणाला तरी सगळं माहीत असल्याच्या खुणा सुरू होतात.

इथे थांबून कोणत्याही घरगुती बाईने विचार करावा. रात्री घरात शिरून जिवावर उठलेला माणूस. त्याला रोखताना तो मेला. यात सिमरनचा गुन्हा कुठला? भारतीय दंड संहितेच्या कलम १०० ने असा जीव वाचवायचा हक्क दिलेला होता, त्यात समोरचा मेला तरी. इंग्रजी सिनेमातल्या चौघांना लपवायला काहीतरी होतं. हिला लपवायचं काही नाही, फक्त सिनेमा पुढे सरकावा म्हणून ती लपवते. आम्ही २००३ साली गल्लीतल्या दुकानातून सीडी आणून हा सिनेमा पाच-सहा जणींनी बघितला होता, तेव्हा शेजारच्या आजी भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, “पोलिसात का सांगत नाहीत ग हे?” त्यानंतर आमच्यापैकी कोणीच मनापासून घाबरलं नाही.

आणि तरी याला एक उत्तर होतं, आणि ते फक्त आपल्याच देशात चाललं असतं. लोक काय म्हणतील. रात्रीच्या वेळी, एकट्या मुलीच्या घरात, परक्या पुरुषाचं प्रेत. कायदा तिला सोडेल. वाडा सोडेल का? तो आलाच कसा, दार कोणी उघडलं, आधीची ओळख होती का. स्पर्धेत उतरणारी मुलगी, मग काय, असंच होणार. सिमरनने पोलिसांपेक्षा या प्रश्नांना घाबरून प्रेत लपवलं असतं, तर सभागृहातल्या प्रत्येक बाईला ते आतून कळलं असतं, समजावून सांगावं लागलं नसतं. दुसऱ्या देशाची गोष्ट आपल्या मातीत रुजवायची म्हणजे मला वाटतं हे: तिथल्या चौघांच्या भीतीच्या जागी आपली भीती शोधायची. ‘धुंध’ त्या दारापर्यंत चालत येतो आणि दार न वाजवता पुढे जातो. मुकुटाचंही तसंच. तिकडे मुकुट पुरावा होतो, गळफास होतो, शेवटी प्रेतवस्त्र होतो. इकडे मुकुट म्हणजे नुसतं भांडणाचं कारण.

राग यावा असं आणखी एक आहे. हे काम रामसेंना येत होतं. रामसे बंधूंना हसायची पद्धत पडली आहे, पण १९८४ चा त्यांचा ‘पुराना मंदिर’ आठवा. सामरी नावाच्या राक्षसी माणसाचं मुंडकं उडवतात, आणि तो मरताना शाप देतो की या राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. मुखवटा रबराचा होता, भिंती पुठ्ठ्याच्या वाटायच्या, कबूल. पण शाप खरा होता. आमच्या पिढीत पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेल्या मुलीला काय वाटायचं, ते त्या शापाला ठाऊक होतं. वाडवडिलांनी केलेलं पिढ्यान्‌पिढ्या कसं वसूल होतं, हे या भावांनी आयुष्यभर सांगितलं. मग जी गोष्ट मुळातच केलेल्या कर्माच्या वसुलीची आहे, ती हातात आल्यावर श्याम रामसेंनी कर्मच काढून टाकलं. नायिकेला निष्पाप ठेवलं. त्या काळी हिंदी नायिका चुकू शकत नव्हती, हे कारण असेल. पण न चुकलेल्या बाईच्या मागे लागणारा खुनी म्हणजे नुसता पाठलाग. त्यात भय नाही, दम लागणं आहे.

त्याच २००३ मध्ये बालाजीचा ‘कुछ तो है’ही याच इंग्रजी गोष्टीवर निघाला होता. कॉलेजची मुलं, प्राध्यापकाच्या भूमिकेत जितेंद्र, पुष्कळ पाऊस, पुष्कळ गाणी. त्याबद्दल एवढं पुरे.

नावामुळे मला दुसरा ‘धुंध’ आठवला, म्हणजे खरं तर पहिला. बी. आर. चोप्रांचा, १९७३ चा. आमच्या वयाच्या बायकांना तो आठवत असेल: धुक्याची रात्र, अपघात झालेली गाडी, मदतीसाठी बंगल्यात शिरलेला नवीन निश्चल, चाकांच्या खुर्चीत मेलेला डॅनी आणि हातात पिस्तूल घेऊन उभी झीनत अमान. तोही उसनाच होता, अगाथा ख्रिस्तीच्या १९५८ च्या ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या नाटकावरून घेतलेला. पण तो बघताना कोणी उसना म्हणाल्याचं आठवत नाही. मेलेला नवरा क्रूर आहे, म्हणून बायको सुटली असं तो सिनेमा म्हणत नाही. कोणी मारलं, का मारलं, कोणाला शिक्षा व्हावी, हे प्रश्न तो कोर्टात नेऊन उभे करतो. डॅनी मेल्यावरही साऱ्या बंगल्यात भरून राहतो.

(ज्यांना ते नाटक वाचायचं आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) ख्रिस्तीच्या मूळ नाटकात त्या खुर्चीतल्या माणसाने पूर्वी दारूच्या नशेत गाडीखाली एक लहान मुलगा चिरडलेला असतो, आणि खोट्या साक्षीवर तो सुटलेला असतो. मुलाचा बाप विसरलेला नसतो. म्हणजे इथेही मुळाशी तेच: रस्ता, गाडी, सुटून गेलेला माणूस, आणि कोणीतरी ज्याला सगळं ठाऊक आहे.

आणि आता इंग्रजी सिनेमाचंही खरं सांगायला हवं, कारण त्यानेही आपल्या आधीच्या गोष्टीला फसवलं आहे. तो सिनेमा लॉइस डंकन या बाईंच्या कादंबरीवर आहे. ती आली १९७३ मध्ये, चोप्रांच्या ‘धुंध’च्याच वर्षी. किशोरवयीन मुलामुलींसाठी लिहिलेलं पुस्तक. त्यात ना गळ आहे, ना रेनकोट, ना चौघांपैकी कोणी मरतं. त्यात गाडीखाली येतो तो सायकलवरचा दहा वर्षांचा मुलगा. चौघं थांबत नाहीत. नाव न सांगता फोन करून मदत पाठवायला सांगतात आणि गप्प बसायची शपथ घेतात. मुलगा मरतो. त्याच्या घरी माणसं आहेत, आणि पुस्तकातली भीती त्या घरातून येते.

सिनेमा करताना विल्यमसनने तो मुलगा काढला आणि त्याच्या जागी मोठा माणूस ठेवला. शेवटी तर असं निघतं की हा माणूस त्याच रात्री दुसऱ्या एकाचा खून करून परतत होता. बघणाऱ्याला हायसं वाटतं, चला, तो चांगला नव्हताच. ही पहिली सूट. हिंदीत दुसरी मिळाली: मेलेला उघड उघड खलनायक, आणि मारणारी पूर्ण निर्दोष. दर वेळी गोष्ट नव्याने सांगताना मेलेला माणूस आणखी वाईट करायचा, म्हणजे जिवंत असलेले आपोआप चांगले होतात. आणि जितके ते चांगले, तितकी ती चिठ्ठी पोकळ. भाचीने विचारलं होतं ना, घाबरायचं कुठे; घाबरायची जागा त्या सायकलपाशी होती, आणि सायकल तर पहिल्याच बदलात गेली.

डंकनबाईंना हा सिनेमा सहन झाला नाही, आणि त्यांनी ते उघड सांगितलं. १९८९ च्या जुलैमध्ये आल्बुकर्क शहरात त्यांची अठरा वर्षांची धाकटी मुलगी केटलिन गाडी चालवत असताना गोळ्या घालून मारली गेली. तपासाने त्यांचं समाधान झालं नाही. १९९२ मध्ये त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि २०१६ मध्ये स्वतः जाईपर्यंत त्या शोध घेतच राहिल्या. आपल्या पुस्तकातल्या मुलांची कत्तल करमणूक म्हणून पडद्यावर आलेली बघताना त्या आईला काय झालं असेल, हे मी लिहायला नको.

मेलेला माणूस सज्जनच हवा असं माझं म्हणणं नाही. त्याची वाट बघणारं कोणीतरी हवं. आपल्या निशिकांत कामतांनी २०१५ मध्ये हिंदीत केलेला ‘दृश्यम’ घ्या. तोही मल्याळममधून आलेला रीमेक, आणि बेळगावच्या आम्हाला तर शेजारच्या गोव्यातला म्हणून जवळचा. तिथेही घरातल्या मुलीच्या जिवावर आलेला मुलगा तिच्या हातून मरतो, तिथेही प्रेत लपवतात. मुलगा वाईटच आहे. पण त्याला तब्बूसारखी आई आहे, रजत कपूरसारखा वाकलेला बाप आहे. शेवटी ते दोघं येऊन साळगावकरसमोर उभे राहतात तेव्हा आपण कोणाच्या बाजूचे हेच कळेनासं होतं. इंग्रजी सिनेमातही अशी एक जागा आहे. ज्युली आणि हेलन खोटी नावं सांगून मेलेल्या मुलाच्या बहिणीकडे जातात. गावाबाहेर एकटं घर, एकटी बहीण, पाहुण्या आल्या म्हणून तिला झालेला अवघडलेला आनंद. ‘धुंध’मध्ये तर अजितची बहीण तयारच होती! जिच्या मुकुटासाठी भाऊ मेला ती. ती मला लक्षात राहिली ती स्पर्धा हरलेली मुलगी म्हणून, भाऊ गेलेली म्हणून नाही.

मी या गोष्टीपाशी इतकी का घुटमळते ते सांगते. आजवर कुठे लिहिलं नव्हतं, आणि घरातल्या दोघांना हे छापलेलं आवडणार नाही.

१९८० च्या सुमाराचं आहे. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. पावसाळ्यात एका रात्री धाकटे भाऊजी खानापूरकडून जीप घेऊन उशिरा आले, जीप परसात लावली, पाय धुतले आणि कोणाशी न बोलता माडीवर गेले. डावीकडचा दिवा फुटलेला होता. सकाळी मामंजींनी तो स्वतः खोलून बदलून आणला. एरवी पंख्याचं बटण बिघडलं तरी माणूस बोलावणारे मामंजी. दुपारी तांदूळ निवडताना सासूबाईंनी मला सांगितलं, की वाटेत सायकलवाला आडवा आला, भाऊजी घाबरले, थांबले नाहीत, आणि हे माहेरीसुद्धा बोलायचं नाही. मी नाही बोलले. तो माणूस जगला की गेला आम्हाला कधी कळलं नाही. तिकडे जाऊन चौकशी करावी, तर चौकशी करणारा कोण हे लगेच कळणार. काही महिने गल्लीत खाकी कपडा दिसला की सासूबाई जपमाळ घेऊन देवघरात शिरायच्या. मग तेही थांबलं. घर नेहमीसारखं झालं.

मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा वर्ग केलेल्या बायकांना सांगायला नको, की हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो आणि जीव जाणं नंतर. आम्ही सगळ्यांनी तो वर्ग केला होता. दर वर्षी पर्युषण संपलं की क्षमावाणीला घरोघर फिरून हात जोडायचो, कळत नकळत काही चुकलं असेल तर म्हणून. भाऊजीही फिरायचे. ज्याच्या दारात जायला हवं होतं त्याचं गावच आम्हाला ठाऊक नव्हतं. भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या रात्रीनंतर अंधार पडल्यावर ते कधी गाडी चालवायला बसले नाहीत. पाहुण्यांना आम्ही डोळ्यांचं कारण सांगायचो.

त्या वर्षी कोणी निनावी चिठ्ठी टाकली असती, मला माहीत आहे म्हणून, तर मामंजी घाबरले असते. भाऊजींना, मला वाटतं, सुटल्यासारखं झालं असतं.

भाचीला हे मी त्याच रात्री सांगितलं. ‘धुंध’ समोर चालूच होता, कुठलं तरी गाणं लागलं होतं. तिने ते थांबवलं आणि उठून बसली.

“मग तो सायकलवाला?”

“माहीत नाही.”

“कधी शोधलंच नाही कुणी?”

“नाही.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. सिनेमाचा राहिलेला भाग आम्ही लावला नाही. सकाळी चहा घेताना तिने शेवट काय आहे म्हणून विचारलं. मी तो सीडीवर पूर्ण बघितला होता. सांगितलं, बघायला हवा असं काही त्यात नाही, ती बशीतली साय तेवढी संपव.